खानदेश ते ग्रीन कार्ड : रखडलेल्या अर्जांची पार्श्वभूमी

अमेरिकेत नोकरीला गेलेल्या मुलाचे ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, अजून का होत नाही, हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या कितीतरी घरांत विचारला जातो. मुलाने कुठे चूक केली असेल, अशी शंकाही आईवडिलांना येते. बहुतेक वेळा चूक त्याची नसते. या रांगेचे मूळ १९९० च्या अमेरिकी कायद्यात आहे. नोकरीच्या आधारे द्यायच्या ग्रीन कार्डांची संख्या त्या कायद्याने वर्षाला १,४०,००० ठरवली, जोडीदार आणि मुलेही त्यातच मोजली, आणि साधारणपणे कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये असे बंधन घातले. देश चिमुकला असो की भारताएवढा, बंधन तेच. त्याच कायद्यातून आलेल्या एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर मात्र भारतातून अभियंते मोठ्या संख्येने जात राहिले. १९८३ नंतर महाराष्ट्रात निघालेल्या विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेली आपल्याकडची मुलेही त्यांत होती. परिणामी २०२५ च्या मध्यावर उच्चशिक्षितांच्या श्रेणीत २०१३ च्या आरंभापूर्वी अर्ज झालेल्या भारतीयांचाच नंबर लागत होता.

अमेरिकेत प्रवेशासाठी पासपोर्टवर लागणाऱ्या व्हिसाच्या शिक्क्याची अडचण वेगळी. अमेरिकेत राहूनच तो नव्याने मिळवण्याची सोय २००४ साली बंद झाली, तेव्हापासून त्यासाठी साधारणपणे देशाबाहेरच्या दूतावासात जावे लागते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे नेहमीच्या मुलाखती थांबल्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईत पर्यटक व्हिसाची प्रतीक्षा दोन वर्षांपलीकडे गेली होती. नातवंडाच्या जन्माला पोहोचू न शकलेल्या आज्यांचे दुःख या आकड्यात मावत नाही.

कागदपत्रांची गोष्ट मात्र आपल्या मातीतली आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, तरी पुढेही अनेक वर्षे बाळंतपणे घरीच होत आणि ग्रामपंचायतीच्या वहीत नुसते ‘मुलगा’ लिहिले जाई. चोपडा तालुक्यातला असा एक दाखला मी हाताळला आहे : नावाचा रकाना कोरा, जन्म ऑक्टोबरमधला. त्याच माणसाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि म्हणून पासपोर्टवरही १ जून, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली होती. अशी तफावत निघाली की तिकडून आणखी पुरावा मागवला जातो, मग ग्रामसेवक, तहसील, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे असा प्रवास सुरू होतो आणि फाइल तेवढे महिने थांबून राहते.