साईट थोडा वेळ बंद ठेवायचीय? मग लोड बॅलन्सरवरून बंद करू

"आज रात्री डेटाबेसचं काम आहे, दोन तास साईट बंद करा" असा मेसेज आला की आमचा पहिला प्रश्न असतो, बंद म्हणजे नक्की कुणासाठी? कारण सर्व्हरच बंद केला तर तुमच्या डेव्हलपरने काम कुठे करायचं, आणि बाहेरच्या माणसाला ब्राउझरमध्ये जो रुक्ष एरर दिसतो तो बघून त्याला वाटतं यांनी गाशाच गुंडाळला.

तुमच्या सर्व्हरच्या पुढे लोड बॅलन्सर असतो, आमच्याकडे एचएप्रॉक्सी आणि ज्यांचं अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर आहे त्यांचा तिथलाच. एरवी त्याचं काम एवढंच की आलेली रिक्वेस्ट मागच्या दोन-तीन सर्व्हरपैकी कुणाकडे तरी पाठवायची. पण सगळी गर्दी त्याच्यासमोरूनच जाते ना, मग शटर तिथेच ओढायचं, आत लाईट चालू, माणसं कामात.

शटर ओढलं की लोड बॅलन्सर स्वतःच उत्तर देतो, मागे काही जातच नाही. ते उत्तर ५०३ कोडचंच हवं, म्हणजे "सेवा सध्या उपलब्ध नाही, नंतर या", आणि सोबत रिट्राय-आफ्टर नावाचा हेडर, म्हणजे उत्तराला जोडलेली एक छोटी सूचना, देतो, त्यात किती सेकंदांनी परत यायचं ते लिहिता येतं, तासाभरासाठी ३६००. गूगलचा बॉट, म्हणजे सर्चसाठी साईट वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्राम, ५०३ बघून समजून घेतो की हे तात्पुरतं आहे, मात्र हेच दिवसेंदिवस चाललं तर पानं सर्चमधून गळायला लागतात, त्यामुळे आठवडाभर बंद ठेवायचा विचार असेल तर आधी बोलू.

हे एवढं ठासून सांगायचं कारण म्हणजे सुरुवातीला आम्हीच एकदा माती खाल्ली होती. "काम चालू आहे" असं छान पान बनवलं आणि ते २०० कोडने, म्हणजे "सगळं ठीक" म्हणून पाठवलं. मॉनिटरिंग रात्रभर हिरवंगार, काम कधीच संपलेलं, पण पान काढायचं राहिलंय हे सकाळी ग्राहकाचा फोन आला तेव्हा कळलं, वर काही लोकांच्या ब्राउझरने ते पान कॅशमध्ये, म्हणजे स्वतःकडे साठवून, ठेवलेलं ते वेगळंच.

आता आत कुणाला सोडायचं ते बघू. तुमच्या ऑफिसचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिलात तर तेवढ्यांना खरी साईट दिसेल आणि बाकी जगाला ५०३. फक्त तो आयपी स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, पाहिजे. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरचा देऊ नका प्लीज, तो बदलत राहतो आणि एकाच आयपीमागे कितीतरी लोक असतात, म्हणजे भलतेच लोक आत येणार. दुसरं म्हणजे पेमेंट गेटवे. ग्राहकाने यूपीआयने पैसे भरले आणि तुम्ही शटर ओढलंत, तर "पैसे आले" हा गेटवेचा निरोपही दारातच अडकतो. बहुतेक गेटवे थोड्या वेळाने परत प्रयत्न करतात, पण त्या भरवशावर राहण्यापेक्षा तेवढा एक पाथ, म्हणजे साईटवरचा तो निरोप येतो तो पत्ता, आम्ही उघडा ठेवतो, अर्थात त्या वेळात डेटाबेस चालू असेल तरच. मोबाईल अ‍ॅप असेल तर तेही सांगा, अ‍ॅपला जेसन म्हणजे ठरावीक साच्यातला डेटा लागतो, त्याला ब्राउझरसाठीचं एचटीएमएलचं पान मिळालं की काही अ‍ॅप सरळ क्रॅश होतात.

एकाच सर्व्हरवर काम असेल तर साईट बंद करायची गरजच नाही. तो एक सर्व्हर ड्रेनमध्ये टाकतो, म्हणजे नवी गिऱ्हाइकं दुसरीकडे आणि ज्यांचं सेशन त्याच्यावर चिकटलंय त्यांचं तिथेच चालू राहतं, मग तो रिकामा झाला की मेंटेनन्समध्ये. अ‍ॅमेझॉनवर सर्व्हर काढताना चालू रिक्वेस्ट संपायला डिफॉल्ट ३०० सेकंद मिळतात, तेव्हा "काढला का, काढला का" असं पाच मिनिटं विचारू नका. आणि तिथे सगळे सर्व्हर हेल्थ चेकमध्ये, म्हणजे सर्व्हर धड आहे का या लोड बॅलन्सरच्या तपासणीत, मुद्दाम नापास करून साईट बंद होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, सगळेच नापास झाले की तो लोड बॅलन्सर उलट सगळ्यांकडेच ट्रॅफिक पाठवतो. तिथे ठरलेलं उत्तर देणारा वेगळा रूल लावावा लागतो.

डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, बदलून बंद करू असंही बरेच जण सुचवतात. नको. जुना पत्ता लोकांकडे टीटीएल, म्हणजे तो साठवून ठेवायची मुदत, संपेपर्यंत राहतो, म्हणजे बंद पण हळूहळू आणि चालू पण हळूहळू.

एक गोष्ट मात्र लोड बॅलन्सरच्या हातात नाही. शटर बाहेरच्यांसाठी आहे, सर्व्हरच्या आत रात्री बाराला चालणारे क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारी कामं, त्याला विचारत नाहीत, ते डेटाबेसमध्ये लिहीतच राहतात, ते तुमच्या डेव्हलपरने आधी थांबवायचे.

तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत एवढं पाठवा: किती ते किती बंद, कुठले आयपी आत सोडायचे, कुठले पाथ उघडे ठेवायचे, पानावर मजकूर काय, आणि काम लांबलं तर रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस कोण.