बर्फाखालचं जाळं

थंडीत तुपाची बरणी नीट पाहा. थिजलेलं रवाळ तूप तळाशी बसलेलं असतं, पातळ तूप वर. बहुतेक पदार्थांचं असंच, घट्ट झाले की जड होऊन बुडतात. पाण्याची तऱ्हा उलटी, आणि त्या उलट्या तऱ्हेवरच चीनमधली मासेमारीची एक जुनी रीत उभी आहे.

ईशान्य चीनच्या जिलिन प्रांतात चागान सरोवर आहे. हिवाळ्यात तिथे पारा उणे २० अंशांच्याही खाली जातो. वरचं पाणी थंड होतं, जड होऊन तळाशी जातं, खालचं वर येतं. ही उलथापालथ ४ अंशांपर्यंतच चालते. त्याहून गार पाणी हलकं होऊन वरच राहतं आणि गोठतं. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून बर्फ तरंगतो. शिवाय बर्फातून उष्णता सहज बाहेर जात नाही. झाकण बसलं की खालचं पाणी पाणीच राहतं, आणि मासे जगतात. गारठ्याने सुस्तावतात, इतकंच. सुस्तावलेल्या माशाला प्राणवायूही कमी लागतो, आणि गार पाण्यात तो जास्त विरघळतो.

पण बर्फाखाली जाळं घालायचं कसं? आधी बर्फात एका ओळीत भोकं पाडतात. पहिल्या भोकातून एक लांब वासा आत सारतात, त्याला दोर बांधलेला. दुसऱ्या भोकाशी उभा असलेला माणूस आकडीने वासा पुढे ढकलतो, मग तिसरा. सुईने टाका घालावा तसा दोर बर्फाखालून पुढे सरकतो आणि त्यामागून जाळं, तेही जवळपास २ किलोमीटर लांब! जाळं ओढायला घोडे. घाण्याच्या बैलासारखे ते रहाटाभोवती फिरतात. मला विचाराल तर सगळ्यात देखणं दृश्य हेच.

मोसमाच्या सुरुवातीला सरोवराची पूजा करून जाळं ‘जागं’ करतात. २००८ साली या रीतीला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

जाळ्यात मुख्यतः सापडतो तो मोठ्या डोक्याचा कार्प. आपल्याकडे तलावांत कटला-रोहूबरोबर वाढवतात, त्या चंदेऱ्याचा हा जवळचा भाऊबंद. बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात तो लाकडासारखा कडक होतो. जाळ्याचा आस, म्हणजे विणीतलं भोक, मात्र मुद्दाम मोठा ठेवलेला असतो; लहान मासे त्यातून निसटून पुन्हा झाकणाखाली जातात.