चाळीतली तुळई आणि बर्मा टीक

गिरगावात चाळ पाडायला घेतली की जुन्या लाकडाचा व्यापारी आधीच येऊन तुळया मोजून गेलेला असतो. काजळी धरलेल्या तुळईवर सुताराने दोनचार हात रंधा मारला की आतून मधाचा रंग निघतो, चामड्यासारखा तेलकट वास येतो. "बर्मा टीक आहे, साहेब." नुसतं सागवान म्हणत नाहीत.

साग खरं तर आपलाच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे, शहापूर-जव्हारकडे आहे; कोवळं पान चुरगळलं की बोटं लाल होतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आरमारासाठी सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावं असं आहे. आंब्या-फणसाला मात्र हात लावायचा नाही, कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली.

मुंबईत सागाचा भाव वाढला तो गोदीमुळे. १७३६ साली जहाजं बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथे आले. १७५० मध्ये सुकी गोदी झाली, म्हणजे पाणी काढून जहाजाचं काम करायची जागा. विलायती ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातल्या तेलाने उलट ते टिकतात, शिवाय वाळवी लागत नाही. ओल्या सागाचा ओंडका पाण्यात बुडतो, म्हणून झाडाच्या बुंध्याची साल गोल काढून ते दोन-तीन वर्षं उभंच वाळवायचे आणि मग तोडून नदीत सोडायचे. हाँगकाँग इंग्रजांच्या हाती देणारा १८४२चा नानकिंगचा तह मुंबईत बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर झाला. १८१७ची 'त्रिंकोमाली' तर इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे.

एवढं लाकूड मलबारातून यायचं. १८०६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तिथे कॅप्टन वॉटसनला जंगलांवर नेमलं. त्याने सागावर सरकारी मक्ता बसवला. ओरड इतकी झाली की १८२३ मध्ये ते पदच रद्द केलं. तोवर जंगलं विरळ झालीच होती.

मग नजर ब्रह्मदेशाकडे गेली. १८५२च्या युद्धानंतर दक्षिण भाग इंग्रजांकडे आला, १८६३ मध्ये बॉम्बे बर्मा कंपनी निघाली. तिने मोजले त्याहून जास्त ओंडके नेले, असा ठपका ठेवून ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त मिळालं. नोव्हेंबर १८८५ मध्ये त्याची राजधानी मंडाले पडली आणि राजा कैदी म्हणून आला रत्नागिरीत. त्याचा राजवाडा १९१०चा. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. (ती कंपनी आज वाडिया समूहाकडे आहे. लवजींचंच घराणं!)

म्यानमारने, म्हणजे आजच्या ब्रह्मदेशाने, २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. वखारीत आता घाना, इक्वेडोरच्या लागवडीचा साग येतो. लवकर वाढलेला, म्हणून कापल्यावर वर्षावर्षाच्या रेघा बोटभर अंतराने दिसतात. चाळीतल्या तुळईत त्या मोजायला सुताराला चष्मा लागतो.