मुरी वाळूतली की दगडाखालची? डोळ्याखाली बघा

मुळशी-वेल्ह्याकडच्या ओढ्यात गोटा उलटला की पट्ट्यापट्ट्यांचा बोटाएवढा मासा सुळकन शेजारच्या गोट्याखाली पळतो. ही दगडाखालची मुरी. वाहतं गार पाणी आणि दगडांच्या फटी एवढं मिळालं की तिचं भागतं. तिच्याच गोतातल्या ‘इव्हेझार्डी’ या जातीचं वर्णन ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे याने १८७२ साली पुण्यातल्या माशांवरून केलं.

गोंधळ होतो तो वाळूतल्या मुरीमुळे. तिचं शास्त्रीय नाव लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मॅलिस. शोभेच्या माशांच्या दुकानात दोन्ही एकाच टाकीत, ‘लोच’ या एकाच नावाने विकतात. वर सल्ला काय, तर ‘मिश्या मोजा’! अहो, दोघींनाही मिश्यांच्या तीनच जोड्या. त्यात दगडाखालच्या इव्हेझार्डीच्या नाकपुड्यांवर मिशीसारखा लोंबता भाग असतो, म्हणजे मोजणारा हमखास चुकणार. ठिपक्यांवरही जाऊ नका, रंग वाळूप्रमाणे फिका-गडद होतो. (वामचं पिल्लू समजणाऱ्यांनी पाठीवरचे काटे शोधावेत. मुरीला ते नसतात.)

बघायचं एकच: डोळ्याखाली. वाळूतल्या मुरीला तिथे दोन टोकांचा बारीक काटा असतो. एरवी तो कातडीच्या खाचेत मिटलेला, म्हणून दिसत नाही. मासा घाबरला की हा काटा ताठ उभा राहतो आणि तसाच अडकून बसतो. दगडाखालच्या मुरीला हा काटा नसतोच. पारदर्शक डब्यात पाण्यासकट मासा घ्या, बाजूने टॉर्च मारा, दहापट भिंगाने डोळ्याखालची खाच शोधा. मासा हातात दाबून बघायची गरज नाही.

जाळीने पकडाल तर हाच काटा गुंततो. ओढलंत की डोळ्याजवळ जखम. जाळी पाण्यातच ठेवून तेवढे धागे कात्रीने कापा. त्यापेक्षा डब्यात हाकलून पकडणं केव्हाही बरं.

ओळख चुकली की टाकीचा तळ चुकतो. वाळूतलीला पुरून घ्यायला चार-पाच सेंटिमीटर वाळू लागते, कण जाड रव्याएवढे आणि गोल. बांधकामाची क्रश सँड अजिबात नको. तो फोडलेला काळा दगड, कडा धारदार. त्यात मासा पुरून घेत नाही, घेतलंच तर मिश्या झिजतात. पाणीशुद्धीकरणाच्या फिल्टरला लागणारी गोल कणांची वाळू घ्या आणि पाणी निवळ येईपर्यंत धुवा. थर याहून जाड केलात तर खालची वाळू काळी पडून सडक्या अंड्याचा वास येतो. शोभेचे दगड आधी थेट काचेच्या तळावर टेकवा, मग भोवती वाळू ओता. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली ही पोखरते आणि स्वतःच चेंगरते.

दगडाखालचीला उलट वाळूचं काही पडलेलं नसतं, प्रवाह हवा. साठ लिटरच्या टाकीला तासाला पाच-सहाशे लिटर फिरवणारा पंप लावा. एप्रिलमध्ये पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि आधी हीच धापा टाकते. वाळूतलीच्या कुळातले मासे वर येऊन हवा गिळतात आणि ती आतड्यातून वापरतात. म्हणून ती वर गेली की लगेच घाबरू नका.

आणि दिवसा दिसली नाही म्हणून वाळू उपसू नका. दिवे घालवून अर्ध्या तासाने बुडणारं खाद्य टाका, मग मासे मोजा.