पूल स्पर्धांचे नवे साचे: बदल नेमका कोणासाठी?

लहान सेट, शॉट क्लॉक (प्रत्येक फटक्याला वेळेची मर्यादा), शूटआउट (बरोबरी फोडण्यासाठी आळीपाळीने एकेक फटका), रेटिंगची म्हणजे खेळाच्या दर्जाच्या आकड्याची मर्यादा घातलेल्या स्पर्धा. स्पर्धात्मक पूलमध्ये, म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने खिशांत घालायच्या खेळात, खेळाडू वाढावेत म्हणून सध्या असे बरेच प्रयोग चालू आहेत. पण स्पर्धेचा साचा बदलायची खोड या खेळाला शंभर वर्षांपासून आहे, आणि दर वेळी तो बदल एकतर बघणाऱ्यासाठी झाला किंवा कच्च्या खेळाडूसाठी. या दोन्ही गोष्टी एकाच बदलाने साधल्याचं फारसं घडलेलं नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत विजेतेपद ठरायचं ते स्ट्रेट पूलवर. प्रत्येक बॉलला एक गुण, आणि चुकेपर्यंत टेबल तुमचं. त्या काळच्या अव्वल विली मॉस्कोनीने 1954 मध्ये स्प्रिंगफील्ड, ओहायो इथे एका प्रदर्शनीय खेळात सलग 526 बॉल घेतले. बघणाऱ्याला हे अफाट वाटेल, पण समोरचा खेळाडू तेवढा वेळ खुर्चीत बसून असतो. नवख्याने प्रवेश फी भरून अशा खुर्चीत का बसावं, याचं उत्तर त्या साच्यात नव्हतं.

पुढे नाइन-बॉल वर आला: नऊच बॉल, आणि नवव्या नंबरचा घेईल तो जिंकला. रॅक (एक डाव) लहान, निकाल झटपट, टीव्हीला सोयीचा. फाउल झाला की प्रतिस्पर्ध्याला क्यू बॉल (काठीने मारायचा पांढरा बॉल) हवा तिथे ठेवता येतो, हा नियम रूढ झाल्यावर खेळ आणखी वेगवान झाला. 1990 मध्ये जागतिक नाइन-बॉल स्पर्धा सुरू झाली, 1994 मध्ये अमेरिका विरुद्ध युरोप असा मॉस्कोनी कप आला. सांघिक ईर्षेमुळे प्रेक्षक जमले. गल्लीतल्या क्लबात खेळणाऱ्याची अडचण मात्र तशीच राहिली: दोनदा हरलं की बाहेर हा दुहेरी बाद पद्धतीचा साचा, पहिल्याच फेरीत मुरलेला खेळाडू समोर, आणि तासाभरात घरी.

त्या अडचणीवरचा खरा तोडगा निघाला तो प्रेक्षकांची गर्दी नसलेल्या जागी. टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी 1979 मध्ये हौशी लीग काढली; पुढे तीच अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन झाली. एट-बॉलमध्ये (इथे शेवटी आठव्या नंबरचा बॉल घ्यायचा) प्रत्येकाला 2 ते 7 अशी लेव्हल. 7 चा खेळाडू 2 शी भिडला तर पहिल्याला सात गेम जिंकायचे, दुसऱ्याला दोनच. त्यावर कडी म्हणजे, एका सामन्यात उतरणाऱ्या पाच जणांच्या लेव्हलची बेरीज 23 च्या वर जाता कामा नये. दोन सात आणि एक पाच खेळवले की उरतात चार, म्हणजे कप्तानाला दोन नवखे शोधावेच लागतात. कच्चा खेळाडू संघाची गरज बनला! माझ्या मते पूलमध्ये यापेक्षा हुशार नियम झालेला नाही.

त्याची किंमतही होतीच. लेव्हल वाढू नये म्हणून मुद्दाम कमी खेळणारे निघाले, आणि 'हा तीनचा नाहीच' हे भांडण लीगला कायमचं चिकटलं. मग आली फार्गोरेट ही रेटिंग पद्धत. यात कोणाविरुद्ध किती गेम जिंकले यावरून रेटिंग निघतं आणि 100 गुणांचा फरक म्हणजे सरासरी वरच्याचे दोन गेम, तर खालच्याचा एक. वेगवेगळ्या लीगचे खेळाडू एकाच मापात बसू लागल्याने अमुक रेटिंगच्या आतल्यांसाठीच स्पर्धा ठेवणं सोपं झालं. लबाडी संपली नाही, फक्त अवघड झाली.

अलीकडच्या बदलांकडे याच नजरेने पाहायला हवं. 2021 मध्ये सुरू झालेल्या प्रेडेटर या व्यावसायिक मालिकेत टेन-बॉलचे (दहा बॉलचा खेळ) आधी चार गेम जिंकायचे सेट आणि सेटमध्ये बरोबरी झाली तर शूटआउट, हा साचा मुख्यतः कॅमेऱ्यासाठीच. पण त्याचा एक आडफायदा आहे. सामना किती वेळ चालेल याचा अंदाज आला की तेवढ्याच टेबलांवर जास्त खेळाडू बसवता येतात. मोठ्या प्रवेशसंख्येची हाव नवी नाही. 2019 च्या पूलच्या यूएस ओपनमध्ये 256 जण होते. मात्र लहान सेटमध्ये नशिबाचा वाटा वाढतो, म्हणून अव्वल खेळाडू कुरकुरतात, आणि नेमक्या त्याच कारणासाठी मधल्या फळीतले खेळाडू नाव नोंदवतात.