ओपीडी बंद झाल्यानंतर: मानसिक उपचारांच्या रात्रपाळीचा इतिहास

मानसिक उपचार चोवीस तास मिळायला हवेत, ही मागणी ऐकायला आधुनिक वाटते. पण जुनी मनोरुग्णालयं चोवीस तासच चालायची. रात्रपाळीला परिचारक असायचे, झोपायला खाट असायची, सकाळी फेरी व्हायची. अडचण एवढीच, की एकदा आत गेलेला माणूस बाहेर येईलच याची खात्री नसायची. अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ साली सुमारे ५ लाख ५८ हजार माणसं होती. त्यांच्यासाठी 'वेळेबाहेरची सेवा' हा शब्दच निरर्थक होता.

प्रश्न उभा राहिला तो ही रुग्णालयं रिकामी होऊ लागल्यावर. पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात १९५२ मध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध मनोरुग्णांना देणं सुरू झालं आणि काही वर्षांत ते जगभर पोचलं. पुढे खर्चाची गणितं बदलली, कोंडून ठेवण्याविरुद्ध आवाज उठले. रुग्ण घरी आला, उपचार ओपीडीत गेले. ओपीडी म्हटलं की केसपेपर, रांग आणि ठरलेली वेळ. आजार मात्र रुग्णाबरोबर घरीच राहिला, आणि त्याला संध्याकाळी सुट्टी नव्हती.

ही अडचण फार आधी ओळखणारा एक माणूस ॲमस्टरडॅममध्ये होता. १९३० च्या दशकात मंदीमुळे नगरपालिकेला मनोरुग्णालयांचा खर्च परवडेना. तेव्हा आरी क्वेरिडो या डॉक्टरने बोलावणं येताच, मग रात्र असो की दिवस, रुग्णाच्या घरी जायला सुरुवात केली. भरती खरंच लागणार आहे का, की घरातल्यांना थोडा आधार देऊन भागेल, हे तिथेच ठरवायचं. मूळ हेतू पैसे वाचवण्याचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यातून एक मोलाची गोष्ट लक्षात आली: रात्री जे दिसतं, ते सकाळी दवाखान्यात दिसत नाही. कोण कुणावर ओरडतंय, कोण घाबरून कोपऱ्यात बसलंय, औषधाची पुडी कुठे पडली आहे, हे घरात पाऊल टाकल्याशिवाय कळत नाही.

दुसरा धागा डॉक्टरांकडून आलाच नाही. चॅड वाराह हा इंग्लंडमधला एक पाद्री. नव्याने रुजू झाल्यावर, १९३५ मध्ये, त्याच्यावर चौदा वर्षांच्या एका मुलीच्या अंत्यविधीची वेळ आली. पाळी सुरू झाली तेव्हा आपल्याला गुप्तरोग झाला अशी तिची समजूत झाली होती. विचारायला कुणी नव्हतं. तिने आयुष्य संपवलं. ही गोष्ट वाराहच्या मनातून गेली नाही. लंडनमध्ये आग, चोरी, अपघात यांसाठी १९३७ पासून ९९९ होता. खचलेल्या माणसाने कुठला नंबर फिरवायचा, हा त्याचा प्रश्न होता. २ नोव्हेंबर १९५३ ला सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमधल्या त्याच्या टेलिफोनवर पहिला फोन आला. नंबर होता मॅन्शन हाउस ९०००.

पुढे जे झालं ते त्याच्याही योजनेत नव्हतं. समुपदेशन आपणच करायचं असं त्याने धरलं होतं. भेटायला येणाऱ्यांची संख्या वाढली तशी बाहेरच्या खोलीत थांबलेल्यांना चहा देण्यासाठी काही स्वयंसेवक बसू लागले. माणसं त्यांच्याशीच बोलायची, आणि बऱ्याच जणांना आत जाण्याची गरजच उरायची नाही. १९५४ च्या फेब्रुवारीत वाराहने फोन या स्वयंसेवकांच्या हाती दिला. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी उभी राहिली, आणि जगभरातल्या पुढच्या कित्येक हेल्पलाइनींनी तिचाच कित्ता गिरवला. सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं; आणि रात्रीही ऐकायचं. मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो चहा. तज्ज्ञता नव्हे, समोर कुणीतरी निवांत बसलेलं असणं.

सरकारांनी काय केलं? अमेरिकेत केनेडींनी ३१ ऑक्टोबर १९६३ ला सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. प्रत्येक केंद्रात पाच सेवा सक्तीच्या होत्या आणि त्यांतली एक चोवीस तासांची आपत्कालीन सेवा. कागदावर उत्तमच. पण ठरवलेल्या केंद्रांपैकी निम्म्याच्या आसपासच उभी राहिली. रुग्णालयं मात्र रिकामी होतच राहिली. मधली पोकळी भरली पोलिसांनी आणि कॅज्युअल्टीने. इंग्लंडच्या १९८३ च्या कायद्यातल्या कलम १३६ नुसार सार्वजनिक जागी त्रासात सापडलेल्या माणसाला पोलिस 'सुरक्षित जागी' नेऊ शकत. ही सुरक्षित जागा अनेकदा पोलिस कोठडीच असे. तिथे ठेवण्याची मुदत ७२ तासांची होती, ती २४ वर आली २०१७ साली. १८ वर्षांखालच्यांना कोठडीत ठेवायला बंदीही त्याच दुरुस्तीने आली. दरम्यान २००० च्या आरोग्य योजनेत घरी जाऊन संकट हाताळणारी ३३५ पथकं उभी करायचं ठरलं. म्हणजे क्वेरिडोचीच कल्पना, साठेक वर्षांनी.

अपवाद म्हणून इटलीतल्या ट्रिएस्टचं नाव घ्यावंच लागतं. मानसोपचारतज्ज्ञ फ्रांको बसालियाने १९७१ मध्ये तिथल्या मनोरुग्णालयाची सूत्रं घेतली. मनोरुग्णालयं बंद करण्याच्या त्याच्या चळवळीतून १९७८ चा कायदा १८० आला आणि देशभर मनोरुग्णालयांत नवी भरती थांबली. बाकीच्यांनी रुग्णालय बंद केलं ते जणू रात्रीसकट. ट्रिएस्टने रात्र जपली: वस्तीतली केंद्रं चोवीस तास उघडी, प्रत्येकात मोजक्या खाटा, दाराला कुलूप नाही.

अलीकडचा सगळा भर मानसिक संकटात फिरवायच्या छोट्या नंबरांवर आहे. अमेरिकेत १६ जुलै २०२२ पासून ९८८. भारतात त्याच वर्षी १० ऑक्टोबरला 'टेली-मानस', १४४१६. इंग्लंडमध्ये २०२४ पासून १११ लावून दोन दाबायचं. अमेरिकी सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने मात्र तीन गोष्टी सांगितल्या होत्या: फोन उचलणारं कुणी, घरी येणारं पथक आणि जायला जागा. पहिली सर्वांत स्वस्त, म्हणून ती लवकर झाली. दुसरीचं उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या यूजीन शहरातली 'काहूट्स' ही सेवा नेहमी दाखवली जाई. १९८९ पासून, बंदूक न बाळगता, एक प्रथमोपचार जाणणारा आणि एक संकटात बोलणारा अशी जोडी गाडीतून जायची. २०२५ मध्ये ती यूजीनमध्ये थांबली.

तिसरीचं काय? भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९४ म्हणतं, की जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. म्हणजे रात्री अडीचला कॅज्युअल्टीत ड्युटीवर असलेल्या डॉक्टरलाही ते अधिकार आहेत. तो नाडी बघतो, बीपी घेतो, सलाईनची गरज नाही म्हणतो आणि सोबत आलेल्याला सांगतो, सकाळी ओपीडीला घेऊन या.