जजसाहेबांचा लाल झगा: खाली पारा, वर किडे

1666 ला लंडन जळालं, 13,000 च्या वर घरं गेली आणि मग भांडण सुरू झालं की घर परत बांधायचा खर्च कोणी करायचा, मालकाने की भाडेकरूने. त्यासाठी खास कोर्ट बसवलं आणि जज लोकांनी एक पैसाही न घेता ते काम केलं! त्याची जाण ठेवून लंडन शहराने 1670 मध्ये 22 जजेसची मोठी पोर्ट्रेट्स करायला दिली, चित्रकार जॉन मायकेल राइट. पीटर लेली हा जास्त नावाजलेला, पण तो म्हणे जजेसच्या दारी जाऊन चित्रं काढायला तयार नव्हता.

या अशा चित्रांत मला सगळ्यात भारी वाटतो तो लाल झगा. कुठल्या प्रसंगी कुठला झगा घालायचा याचे नियम 1635 लाच ठरले होते, आणि समारंभाला लालभडक. त्या काळी उत्तम लाल कापड रंगवायचे कोचिनीलने, म्हणजे मेक्सिकोतल्या निवडुंगावरचे बारीक किडे वाळवून. तुरटी घातली की रंग जांभळट लाल येतो, कथलाचा क्षार घातला की एकदम झगझगीत. ही कथलाची युक्ती कॉर्नेलिस ड्रेबेलच्या नावावर सांगतात, हो तोच, ज्याने थेम्स नदीत पाणबुडी चालवून दाखवली.

आता हे कॅनव्हासवर कसं आणायचं? खाली हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश आत शिरताना किती वळतो त्याचं माप) जवळपास 3 आणि जवसाच्या तेलाचा दीडच्या आसपास, एवढा फरक असल्यामुळे प्रकाश आत न शिरता उलटा फेकला जातो, रंग झाकतो छान पण सपाट दिसतो. म्हणून वर पारदर्शक लाल थर, आणि तो बऱ्याचदा त्याच किड्यांच्या रंगापासून बनवलेला! प्रकाश त्यातून आत जातो, हिंगुळावर आपटून परत त्यातूनच बाहेर येतो, दोनदा गाळला जातो, आणि कापडाच्या घडीत थर जाड दिला की तिथे गडद वाईनसारखा लाल दिसतो. मखमलीची खोली येते ती इथून.

पण हा वरचा थर नाजूक. प्रकाशाने त्यातले रेणू तुटतात, लाली उडते, घड्या सपाट पडतात. पुढच्या शतकात चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने चेहऱ्यांना हाच किड्यांचा लाल वापरला आणि त्याच्या हयातीतच ते चेहरे पांढरे पडायला लागले. हिंगूळही अगदी सुरक्षित नाही, प्रकाश आणि क्लोरिन दोन्ही मिळाले की काळा पडतो. त्यामुळे जुन्या पोर्ट्रेटमधला झगा फिका दिसला तर लगेच चित्रकाराला नावं ठेवू नका प्लीज.

म्युझियममध्ये तैलचित्रांवर साधारण 200 लक्स आणि रंगीत कापडावर फक्त 50 लक्स प्रकाश ठेवतात तो यासाठीच, कारण झालेलं नुकसान साठत जातं, भरून येत नाही.

त्या 22 पैकी मॅथ्यू हेल आणि ह्यू विंडहॅम हे दोघेच आता गिल्डहॉल आर्ट गॅलरीत उरलेत, बाकीची चित्रं नष्ट झाली किंवा इकडे तिकडे गेली. लंडनला असाल तर जाऊन बघाच, आणि चेहऱ्याआधी झग्याच्या घड्या बघा.